दुसऱ्या पसंतीचा सौदा : १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक

राष्ट्रपतीची निवडणूक होते तेव्हा आपल्या गावात फटाके वाजत नाहीत, भिंती रंगत नाहीत, आणि मतदानाच्या दिवशी कोणी आपल्याला रिक्षा पाठवीत नाही. मतदान करतात खासदार आणि आमदार. आपण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात निकाल वाचतो आणि पान उलटतो. म्हणून ही निवडणूक म्हणजे एक शोभेचा विधी, अशी समजूत सर्वसाधारण नागरिकाची झालेली असते, आणि बहुतेक वेळा ती चुकीचीही नसते. पण १९६९ च्या ऑगस्ट महिन्यात याच शोभेच्या विधीने देशातला सर्वांत जुना पक्ष दुभंगला. त्या निवडणुकीच्या पडद्यामागे काय चालले होते, आणि तेथे केलेला एक सौदा अंकांच्या दृष्टीने बराचसा फळाला येऊनही कसा बुडाला, एवढेच आज आम्हांला पाहावयाचे आहे. या कथेत महाराष्ट्राची तीन मोठी माणसे तीन निरनिराळ्या जागी उभी आहेत, हेही विषय निवडण्याचे एक कारण होय.

प्रथम निवडणुकीचे यंत्र समजून घेतले पाहिजे, कारण पुढची सारी खलबते त्या यंत्राच्या एका दातेरी चाकाभोवती फिरतात. या निवडणुकीत सर्वांच्या मताची किंमत सारखी नसते. आमदाराच्या मताची किंमत त्याच्या राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते. १९६१ च्या शिरगणतीनुसार त्या वेळी महाराष्ट्राच्या आमदाराचे मत १४६ धरले जाई, तर हरियाणाच्या आमदाराचे ९४. सर्व आमदारांच्या मतांची बेरीज करून तिला खासदारांच्या संख्येने भागले, की खासदाराच्या मताची किंमत निघते. ती १९६९ मध्ये ५७६ होती. मतदार एकाच नावापुढे फुली मारीत नाही. तो पहिली पसंती, दुसरी पसंती असे क्रमांक घालतो. पहिल्या पसंतीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर सर्वांत मागे पडलेल्या उमेदवारापासून एकेकाला बाद करीत जातात, आणि बाद झालेल्याच्या मतपत्रिकेवर पुढची पसंती ज्याला असेल त्याच्या खात्यावर ती मते चढतात. मतदान गुप्त असते. शिवाय या निवडणुकीत पक्षाचा व्हिप कायद्याने बांधीत नाही. गुप्त मत आणि दुसरी पसंती, या दोन गोष्टी श्रोत्यांनी ध्यानात ठेवाव्या.

आता प्रसंगाकडे वळू. १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसला लोकसभेत २८३ जागा मिळाल्या; सत्ता राहिली, पण दरारा गेला. त्याच वर्षी राष्ट्रपतिपदासाठी डॉ. झाकीर हुसेन यांना ४,७१,२४४ मते पडली, तर विरोधकांनी उभे केलेले माजी सरन्यायाधीश सुब्बा राव यांना ३,६३,९७१. म्हणजे राष्ट्रपती पूर्वीसारखा सहज निवडून येत नाही, हे तेव्हाच दिसले होते. पुढे ३ मे १९६९ रोजी झाकीर हुसेन अधिकारावर असतानाच निवर्तले. उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी हंगामी राष्ट्रपती झाले, आणि सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घेणे घटनेप्रमाणे आवश्यक ठरले. राधाकृष्णन आणि झाकीर हुसेन हे दोघेही उपराष्ट्रपतिपदावरून वर चढले होते. तेव्हा आपल्यालाही तोच जिना मोकळा असेल, असे गिरींना वाटले असल्यास त्यात नवल नाही.

पण जिन्याच्या दाराशी काँग्रेसमधील ज्येष्ठांचे मंडळ बसले होते. त्याला वर्तमानपत्रांनी 'सिंडिकेट' असे नाव दिले होते. पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा, मद्रासचे कामराज, बंगालचे अतुल्य घोष, आंध्रचे नीलम संजीव रेड्डी आणि मुंबईचे स. का. पाटील. इंदिरा गांधींना पंतप्रधानपदावर बसविण्यात यांपैकी काहींचा, विशेषतः कामराजांचा, हात होता. आणि आपण बसविलेले माणूस आपल्याला विचारीत नाही, हे दुःख राजकारणात फार तीव्र असते. आता राष्ट्रपती कोण, याला एवढे महत्त्व का यावे? एरवी राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतो. परंतु पक्षात फूट पडली, बहुमत डळमळले, तर कोणाला बोलवावयाचे, लोकसभा विसर्जित करावयाची की नाही, हे प्रश्न त्याच्या दाराशी येतात. सिंडिकेटला तेथे आपला माणूस हवा होता. आणि नेमक्या याच कारणासाठी तो माणूस पंतप्रधानांना नको होता. दोन्ही बाजू पदाच्या शोभेसाठी भांडत नव्हत्या, पुढच्या डावाची पहिली सोंगटी पटावर मांडीत होत्या.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बंगलोरला काँग्रेसची बैठक भरली. तेथे १२ जुलैला पार्लमेंटरी बोर्डात नावाचा निर्णय झाला. पंतप्रधानांनी जगजीवनराम यांचे नाव पुढे केले. बहुमताने संजीव रेड्डी निवडले गेले. मोरारजीभाई, कामराज आणि स. का. पाटील रेड्डींच्या बाजूला असणार हे ठरलेलेच होते. पारडे झुकविले ते यशवंतराव चव्हाणांच्या मताने. गृहमंत्री असलेल्या यशवंतरावांवर पंतप्रधानांची भिस्त होती, आणि त्यांनी मत रेड्डींना दिले. या एका मताबद्दल महाराष्ट्रात पुढे कितीतरी वर्षे वाद चालला. कोणी त्यांना धोरणी म्हटले, कोणी कुंपणावरचे. आमचे मत विचाराल तर, यशवंतराव पक्षाच्या शिस्तीत वाढलेले गृहस्थ. पक्षसंघटना आणि पंतप्रधान यांच्यात दरी पडू नये असे त्यांना मनापासून वाटत असावे. पण दरी पडलेलीच होती, आणि पडलेल्या दरीवर पूल होऊ पाहणारा मनुष्य दोन्हीकडच्या लोकांच्या पायाखाली येतो.

गिरींनी लगेच स्वतंत्र उमेदवार म्हणून उभे राहण्याचे जाहीर केले. आणि पंतप्रधानांनी काय केले? त्यांनी राष्ट्रपतिपदाचा विषय बाजूला ठेवून भलत्याच ठिकाणी घाव घातला. १६ जुलैला मोरारजीभाईंकडून अर्थखाते काढून घेतले. मोरारजीभाई उपपंतप्रधानपद सोडून मंत्रिमंडळाबाहेर पडले. १९ जुलैला वटहुकूम निघाला आणि चौदा मोठ्या बँका सरकारजमा झाल्या. आपल्या पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्यांत होती. या वटहुकुमावर सही कोणाची, तर हंगामी राष्ट्रपती गिरींची. दुसऱ्याच दिवशी गिरींनी दोन्ही पदांचा राजीनामा देऊन निवडणुकीच्या मैदानात पाऊल टाकले, आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्याकडे राष्ट्रपतीचे काम आले. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाची अर्थशास्त्रीय बाजू आज आमच्यापुढे नाही. परंतु त्यामुळे भांडणाचा रंग कसा पालटला ते पाहा. १२ जुलैला हे भांडण एका पदासाठी दोन गटांचे होते. आठ दिवसांनी तेच भांडण गरीब आणि श्रीमंत, नवे आणि जुने यांचे म्हणून रस्त्यावर बोलले जाऊ लागले. आता जो रेड्डींच्या बाजूचा तो बँकवाल्यांच्या बाजूचा, असा शिक्का बसविणे सोपे झाले. बिचारे रेड्डी! लोकसभेचे सभापतिपद सोडून ते उभे राहिले होते, आणि त्यांच्या उमेदवारी अर्जावर खुद्द पंतप्रधानांचीच सही होती.

तिसरा उमेदवार आता रंगमंचावर येतो, आणि तो आपल्या त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्याचा. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी चिंतामणराव देशमुखांना उभे केले. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, आय. सी. एस. परीक्षेत पहिले आलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पंडित नेहरूंचे अर्थमंत्री. आणि १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडलेले. या शेवटच्या गोष्टीसाठी मराठी माणूस त्यांना कधी विसरला नाही. आता एक योगायोग सांगतो. गिरीसुद्धा नेहरूंच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, आणि त्यांनीही तत्त्वासाठी राजीनामा दिला होता. तो १९५४ मध्ये, बँक कर्मचाऱ्यांसंबंधीच्या लवादाचा निवाडा सरकारने बदलला म्हणून. त्या वेळी अर्थमंत्री होते चिंतामणराव. राजीनामा देण्याचे धैर्य असलेली दोन माणसे पंधरा वर्षांनी समोरासमोर उभी राहिली, आणि मध्ये विषय पुन्हा बँकांचाच!

चिंतामणराव निवडून येणार नाहीत हे त्यांना उभे करणारांनाही ठाऊक होते. मग त्यांच्या उमेदवारीचे मोल कशात? तर त्यांच्या मतपत्रिकांवरील दुसऱ्या पसंतीत. हीच ती सौद्याची जागा. सिंडिकेटला धास्ती होती की काँग्रेसची सगळीच मते रेड्डींना पडणार नाहीत. काही फुटतील आणि पहिल्या फेरीत कोणालाच निम्मी मते मिळणार नाहीत. तसे झाले तर देशमुखांची मते कोणीकडे वळतात यावर सारा निकाल राहणार. म्हणून निजलिंगप्पांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांच्या पुढाऱ्यांच्या गाठी घेतल्या, आणि तुमच्या लोकांनी दुसरी पसंती रेड्डींना द्यावी अशी विनंती केली. हिशेबी मनुष्याने करावे तेच त्यांनी केले. उमेदवाराने वा त्याच्या पुरस्कर्त्याने सर्व पक्षांकडे मते मागू नयेत असा काही नियम नाही. गिरींना तरी कोण पाठिंबा देत होते? दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, द्रविड मुन्नेत्र कळघम आणि आणखी काही. बाजार एकच होता. दुकाने समोरासमोर होती.

मग निजलिंगप्पांची गाठभेट एवढी महाग का पडली? कारण गिरींचे दुकान उघडे होते, आणि यांचे मागच्या दाराने चालले आहे असे दिसले. गिरी स्वतंत्र उमेदवार; त्यांनी कोणाचाही पाठिंबा घेतला तरी कोणाशी बेइमानी होत नव्हती. निजलिंगप्पा काँग्रेसचे अध्यक्ष. ज्या जनसंघाला आणि स्वतंत्र पक्षाला उजवे, प्रतिगामी म्हणून काँग्रेस सभांतून झोडपत असे, त्यांच्याच दारी अध्यक्ष गेले, आणि पंतप्रधानांना न विचारता गेले. पंतप्रधानांच्या बाजूच्या लोकांना हवा होता तो पुरावा आयता हाती आला. ११ ऑगस्टला जगजीवनराम आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी अध्यक्षांना पत्र घालून जाब विचारला: या पक्षांशी आपले काय बोलणे झाले? पंतप्रधानांना दूर सारून त्यांच्याशी संयुक्त सरकार करण्याचा तर बेत नाही? अध्यक्षांनी खुलासा केला की आपण केवळ मते मागितली. खुलासा खराही असेल. पण ज्या गोष्टीचा खुलासा करावा लागतो ती गोष्ट अर्धी हरलेली असते, हे वकिली करणारे आमचे श्रोते जाणतात.

आणि इथेच पंतप्रधानांना पक्षाच्या अधिकृत उमेदवारापासून अंग काढून घेण्याची वाट सापडली. स्वतः ज्याच्या अर्जावर सही केली त्याच्याविरुद्ध मत द्या, असे उघड कसे म्हणावे? त्यांनी तसे म्हटलेही नाही. संसदीय पक्षाच्या नेत्या म्हणून रेड्डींसाठी व्हिप काढा, अशी मागणी निजलिंगप्पांनी केली, ती त्यांनी नाकारली. मतदानाला मोजके दिवस उरले असताना त्यांनी सांगितले की प्रत्येकाने आपल्या सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे मत द्यावे. शब्द किती निर्मळ! आणि कोणाला टोचणारही नाही. परंतु ऐकणाराला अर्थ कळला. ज्याला पक्षाच्या उमेदवारालाच मत द्यावयाचे आहे त्याला विवेकबुद्धीची आठवण करून देण्याचे काही कारण नसते.

या आवाहनाबद्दल आम्हांला दोन गोष्टी म्हणावयाच्या आहेत आणि त्या एकमेकींशी फारशा जुळत नाहीत. पहिली अशी की, ती एक खेळी होती यात संशय नाही. विवेकाचा आवाज नेमका पंतप्रधानांना सोयीच्या दिशेने आणि सोयीच्या मुहूर्तावर निघाला. दुसरी अशी की, खेळी असली तरी घटनेच्या दृष्टीने ती चुकीची नव्हती. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मत गुप्त ठेवले आहे ते कशासाठी? प्रतिनिधीने पक्षाच्या भीतीवाचून मत द्यावे म्हणूनच ना? तेव्हा जो हक्क आधीच मतदाराच्या खिशात होता, तो पंतप्रधानांनी त्याला दाखवून दिला, एवढेच. दाखविण्यामागचा हेतू शुद्ध नव्हता म्हणून हक्क खोटा ठरत नाही. पण ज्या पक्षाच्या नावावर आपण निवडून आलो त्याच्या निर्णयाला गुप्त मतपेटीत डावलणे आणि बाहेर येऊन त्याच पक्षाची टोपी घालून हिंडणे, यालाही विवेक म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच. श्रोत्यांपैकी जे सहकारी संस्थेच्या नाहीतर शाळेच्या कार्यकारी मंडळावर असतील, त्यांना तो अगदीच परका वाटणार नाही.

मतदानापूर्वी आणखी एक घाणेरडा प्रकार झाला. रेड्डींच्या खाजगी चारित्र्यावर चिखलफेक करणारे एक निनावी पत्रक खासदारांत वाटले गेले. पुढे निवडणुकीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका झाल्या, तेव्हा राष्ट्रपती गिरी स्वतः साक्षीसाठी न्यायालयात आले. १९७० मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या. असो.

१६ ऑगस्टला मतदान झाले, २० ऑगस्टला मोजणी. उमेदवार एकूण पंधरा. त्या काळी अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक पुरत असे, त्यामुळे हौशी मंडळींची गर्दी होई. पाच जणांना तर एकही मत पडले नाही. एका गृहस्थांना ५७६ मते पडली, म्हणजे एका खासदाराच्या मताएवढी किंमत. पुण्याचे दलित पुढारी पां. ना. राजभोज यांना ८३१. (पुढे १९७४ मध्ये कायदा बदलून दहा सूचक आणि दहा अनुमोदक लागतील असे ठरले, त्याला ही गर्दीही कारण झाली.) पहिल्या पसंतीची मोजणी झाली तेव्हा आकडे असे होते: गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. एकूण वैध मते ८,३६,३३७. निवडून येण्यास ४,१८,१६९ हवी होती. कोणालाच मिळाली नाहीत. म्हणजे सिंडिकेटने जो प्रसंग कल्पिला होता तोच उभा राहिला. आणि ज्या दिवसासाठी सौदा केला तो दिवस आला.

आता पुढची आकडेमोड जरा सावकाश पाहू, कारण सारा अर्थ तिच्यात आहे. देशमुख आणि इतर लहान उमेदवार मिळून १,२१,२७४ मते वाटावयाची होती. त्यांतून रेड्डींना निवडून येण्यास १,०४,६२१ मते लागत होती, म्हणजे शेकडा ८६. प्रत्यक्षात त्यांच्याकडे आली ९१,८७९, म्हणजे शेकडा ७६ च्या आसपास. गिरींकडे गेली १८,५६२. उरलेल्या मतपत्रिकांवर पुढे उपयोगी पडेल अशी पसंतीच नव्हती. शेवटची बेरीज झाली ती गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. फरक १४,६५०.

तेव्हा सौदा फसला असे कोणी म्हणत असेल तर ते आम्हांला मान्य नाही. ज्यांनी शब्द दिला त्यांनी तो बव्हंशी पाळला. गिरींच्या एका मतामागे रेड्डींना जवळजवळ पाच मते या वाटणीत मिळाली. गुप्त मतदानात, दुसऱ्याच पक्षाच्या सांगण्यावरून, याहून अधिक मते वळविणे फारसे कोणाला साधले नसते. रेड्डी हरले ते येथे नव्हे. ते पहिल्या पसंतीतच सत्त्याऐंशी हजार नऊशे सदुसष्ट मतांनी मागे पडले होते तेथे हरले. आणि ती मते काँग्रेसच्या आमदार-खासदारांनी दिली नाहीत म्हणून ते मागे पडले.

त्यांपैकी किती मते बँकांमुळे गेली, किती पंतप्रधानांच्या भीतीने वा ओढीने, आणि किती त्या गाठीभेटींमुळे, हे गुप्त मतपत्रिका कधी सांगणार नाहीत. पण अंतिम फरक पाहता गिरींकडची तेरा खासदारांची मते रेड्डींकडे असती तरी निकाल उलटा लागला असता. महाराष्ट्राच्या आमदारांच्या मापाने मोजायचे तर एकावन्न. देशभरच्या काँग्रेसवाल्यांमध्ये, आपला अध्यक्ष जनसंघाशी आणि स्वतंत्र पक्षाशी गुप्तपणे बोलतो हे ऐकून मन उडालेले तेरा खासदार नव्हते काय? आम्हांला तरी ते असावेत असे वाटते. दुसऱ्या पसंतीची मते मिळविताना पहिल्या पसंतीची मते दारातून निघून जात होती, आणि सौदा करणारे फक्त आत येणाऱ्यांची मोजदाद करीत होते. कामराजांसारख्या मुरब्बी माणसाच्या मंडळात हे कोणाच्या ध्यानात कसे आले नाही, याचे आश्चर्य वाटते. ध्यानात आले असेलही. पण पंतप्रधान शेवटपर्यंत पक्षशिस्त मोडणार नाहीत, हा त्यांचा हिशेब होता, आणि तो साफ चुकला.

२४ ऑगस्टला गिरींनी शपथ घेतली. १२ नोव्हेंबरला निजलिंगप्पांनी इंदिरा गांधींना पक्षातून काढले आणि काँग्रेसचे दोन तुकडे झाले. स. का. पाटील आणि मोरारजीभाई एका तुकड्यात गेले. बंगलोरला त्यांच्याच बाजूने मत देणारे यशवंतराव दुसऱ्या तुकड्यात, पंतप्रधानांबरोबर राहिले, आणि १९७० मध्ये गृहखात्यावरून अर्थखात्यावर गेले. ज्या खुर्चीवर एके काळी चिंतामणराव होते आणि जिच्यावरून मोरारजीभाईंना उठविले होते, तीच ही खुर्ची.

चिंतामणराव या धुळवडीत पडले आणि निष्कलंक बाहेर आले. त्यांच्या नावाचा उपयोग दुसऱ्याच्या हिशेबासाठी झाला, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांना लागली; आम्हांलाही लागते. १९७५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि गिरींना भारतरत्न. १९७७ मध्ये मोरारजीभाई पंतप्रधान झाले, जनसंघ त्यांच्या जनता पक्षात विलीन झालेला होता, आणि राष्ट्रपतिपदासाठी संजीव रेड्डींचे नाव पुन्हा पुढे आले. त्या वेळी सदतीस जणांनी अर्ज भरले होते. छाननीत छत्तीस बाद झाले, आणि रेड्डी बिनविरोध निवडून आले.